फ्लिंटची लोपनी आणि प्लॅटिनमची डागडुजी

आज बोलायचंय पोकेमॉन प्लॅटिनम या गेमबद्दल, पण फ्लिंटपासून सुरू करतो, कारण तो समजला की पुढचं सगळं समजतं. पोकेमॉन डायमंड किंवा पर्ल, निन्टेन्डो डीएसवरचे ते जोडीचे गेम, इथे कोणी कोणी खेळलंय? बरेच हात आहेत की. मग एलिट फोरमधला, म्हणजे गेमच्या शेवटी ओळीने हरवायच्या चार तगड्या खेळाडूंमधला, तिसरा गडी आठवत असेल, लाल केसांचा, डोक्यावर हे एवढं मोठं जंगल, आगीचा मास्टर म्हणून मिरवणारा. आपण बॅगेत पोशन भरून, पाण्याचा पोकेमॉन पुढे करून त्याच्यासमोर उभे राहतो आणि हा माणूस बाहेर काय काढतो, तर रॅपिडॅश, आगीचा घोडा, ठीक आहे, मग स्टीलिक्स, मग ड्रिफब्लिम, मग लोपनी. लोपनी म्हणजे ससा हो! स्टीलिक्स म्हणजे लोखंडाचा साप आणि ड्रिफब्लिम म्हणजे फुगा. पाचातले तीन आगीचे नाहीतच. बिचाऱ्याने सशाला फायर पंच शिकवलाय, सापाला फायर फँग, म्हणजे निदान धूर तरी निघावा.

आता हे विनोद म्हणून केलेलं नव्हतं. डायमंड-पर्ल जपानमध्ये आला २८ सप्टेंबर २००६ ला, तेव्हा सिन्नोह या प्रदेशाच्या यादीत १५१ पोकेमॉन होते आणि त्यात आगीची घराणी फक्त दोन, चिमचार आणि पोनिटा. तुम्ही सुरुवातीला चिमचार घेतला नाही तर मुख्य गोष्ट संपेपर्यंत आगीचा म्हणून तुम्हाला पोनिटाच मिळणार, दुसरं काही नाही. गेम बनवणाऱ्यांनी एलिट फोरमध्ये आगवाला बसवला आणि मग लक्षात आलं असेल की अरे, आग कुठाय आपल्याकडे. व्होल्कनरचंही तेच, विजेचा जिम लीडर म्हणे, म्हणजे एका गावातल्या लढाईच्या आखाड्याचा प्रमुख, टीममध्ये अँबिपॉम माकड आणि ऑक्टिलरी ऑक्टोपस.

मग जवळजवळ दोन वर्षांनी, १३ सप्टेंबर २००८ ला, जपानमध्ये प्लॅटिनम आला. अमेरिकेत मार्च २००९ मध्ये. आपल्याकडे पुस्तकांवर असतं ना, सुधारित आणि वाढवलेली आवृत्ती, तसाच हा प्रकार, हे गेम बनवणारे गेम फ्रीकवाले १९९८ च्या यलोपासून हेच करत आले होते, आधी दोन गेम जोडीने काढायचे आणि मग वर्षा-दोन वर्षांनी तिसरा, तोच नकाशा, तीच गावं, थोडी भर. क्रिस्टल तसाच, एमराल्ड तसाच. लोक म्हणतात पैसे काढायचा धंदा आहे. तो आहेच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण माझं म्हणणं असं की प्लॅटिनममध्ये बॉक्सवर जे मोठ्ठं छापलं होतं त्यापेक्षा जे गुपचूप दुरुस्त केलं ते जास्त भारी आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतोय.

यादी १५१ वरून २१० वर गेली. ऐकायला हा नुसता आकडा वाटतो पण झालं काय ते बघा. चौथ्या पिढीत त्यांनी जुन्या पोकेमॉनना नवीन रूपं दिली होती, इलेक्टिव्हायर, मॅगमॉर्टार, टोगेकिस, मॅमोस्वाइन, लीफिऑन, ग्लेसिऑन, एकसे एक, आणि डायमंडमध्ये ती सगळी गोष्ट संपल्यावर मिळायची. म्हणजे लग्नात पंगत उठल्यावर जिलेबी वाढायची. प्लॅटिनममध्ये ती जिलेबी पानात आली. इटर्ना सिटीत सिंथिया, म्हणजे एलिट फोरच्याही वरची चॅम्पियन, स्वतः तुम्हाला टोगेपीचं अंडं देते, हार्थहोममध्ये बेबे नावाची बाई सुरुवातीलाच ईव्ही देते, डायमंडमध्ये हीच बाई नॅशनल डेक्स, म्हणजे गोष्ट संपल्यावर हातात येणारी सगळ्या पोकेमॉनची मोठी यादी, मिळेपर्यंत थांबायला लावायची. आणि फ्लिंट! फ्लिंटकडे आता हाउंडूम, फ्लेरिऑन, रॅपिडॅश, इन्फरनेप, मॅगमॉर्टार. पाचही आगीचे. व्होल्कनरकडे जोल्टिऑन, रायचू, लक्सरे, इलेक्टिव्हायर. कोणी माफी मागितली नाही, कुठे लिहिलं नाही की आमचं चुकलं होतं, नुसतं नीट करून टाकलं.

हार्थहोमची जिम आठवते का? डायमंडमध्ये तुम्ही त्या गावात लवकर पोचायचात, जिमच्या दाराशी जायचात आणि तिथली लीडर फँटिना घरी नाही, परत या. मग दुसरीकडच्या जिम जिंकून दोन बॅज आणायचे, मग तिच्याकडे, आणि आत गेल्यावर काय तर बेरजा-वजाबाक्या. भुतांची जिम आणि आत गणिताचा पेपर! प्लॅटिनममध्ये ती तिसरी जिम झाली, पोचलात की लगेच लढा, आणि आत अंधार आणि हातात टॉर्च. पाण्यावरून सर्फ करत जायचा वेग डायमंडमध्ये असा होता की मी एकदा सर्फ सुरू करून पाणी प्यायला जाऊन आलो, तर अजून किनारा यायचा होता (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच). तोही वाढवला. लढाईही जराशी चटपटीत झाली.

बरं, प्लॅटिनमच्या बॉक्सवर जो पोकेमॉन आहे तो गिराटिना. त्याच्याशिवाय भाषण संपवलं तर तुम्ही मला दारातून बाहेर जाऊ देणार नाही. डायमंडमध्ये सायरस, तो टीम गॅलॅक्टिकचा बॉस, ज्याला भावना नसलेलं नवीन जग बनवायचंय, तो डोंगरमाथ्यावर स्पिअर पिलरला डायल्गाला बोलावतो, पर्लमध्ये पाल्कियाला. एक काळाचा देव, एक अवकाशाचा. प्लॅटिनममध्ये दोघेही एकदम येतात आणि तुम्हाला वाटतं बस, संपलं आता, तेवढ्यात खालून एक सावली उठते आणि सायरसलाच ओढून घेऊन जाते. मग तुम्ही आणि सिंथिया त्याच्या मागे उडी मारता, डिस्टॉर्शन वर्ल्डमध्ये. ही जागा मी पहिल्यांदा बघितली तेव्हा डीएस हातात उलटा-सुलटा करून बघत होतो, खरंच. तोवर पोकेमॉनचा कॅमेरा म्हणजे वरून खाली बघणारा, इथे तुम्ही भिंतीवरून चालता, धबधबा खालून वर जातो, पायाखालची फरशी आडवी होते आणि तरी तुम्ही चालतच असता. एकही जंगली पोकेमॉन भेटत नाही, नुसती शांतता, मधेच तळ्यांचे ते तीन पोकेमॉन येतात आणि दगड ढकलून ढकलून त्यांच्या भोकात पाडायचं कोडं सोडवायचं. आणि शेवटी गिराटिना, पाय नसलेला, लांबलचक, त्याच्या मूळ रूपात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते सायरसचं काय होतं ते. तो हरतो, पण सुधारत नाही, रडत नाही, मैत्रीबित्री काही नाही, तो तिथेच राहतो. लहान मुलांच्या गेममध्ये व्हिलन एका रिकाम्या जगात स्वतःहून मागे राहतो, आणि गेम पुढे जातो. डायमंडमधला सायरस मला आता आठवतही नाही नीट.

रोटॉमचं सांगतो आणि मग थोडं दुःखाचं. रोटॉम हे विजेचं भूत, प्लॅटिनममध्ये ते घरातल्या वस्तूंमध्ये शिरायला लागलं, ओव्हन, वॉशिंग मशीन, फ्रिज, पंखा आणि गवत कापायचं मशीन. फ्रिजमध्ये शिरला की ब्लिझार्ड मारतो, वॉशिंग मशीनमध्ये शिरला की हायड्रो पंप. एवढी साधी कल्पना आणि एवढी गोड. पण त्या खोलीची किल्ली, सिक्रेट की, ती गेममध्ये कुठेच ठेवलेली नव्हती, इंटरनेटवरून वाटली होती. निन्टेन्डोची ती वाय-फाय सर्व्हिस २० मे २०१४ ला बंद झाली. म्हणजे आज जुनं कार्ट्रिज घेऊन सरळ मार्गाने बसलात तर फ्रिज, ओव्हन सगळं आत आहे आणि कुलूप बाहेरून लागलंय. त्याच दिवशी वाय-फाय प्लाझाही गेला, जिथे वीस जण एकत्र जमून फुगे फोडायचे आणि मिरवणूक काढायचे. जाहिरातीत हे सगळ्यात पुढे होतं. माझ्या घरी तर ते सुरू असतानाही कधी चाललं नाही, कारण ओरिजिनल डीएसला फक्त डब्ल्यूईपी हे जुनंपुराणं वाय-फायचं कुलूप कळायचं आणि बाबा राउटरचं सेटिंग बदलू द्यायला तयार नव्हते. बाबा बरोबर होते, हे मला आता नेटवर्किंगचं काम करताना कळतं.

बॅटल फ्रंटिअर, म्हणजे नुसत्या लढाया खेळायची जागा, त्याबद्दल पटकन. पाच इमारती, टॉवर, फॅक्टरी, हॉल, कॅसल, आर्केड. आर्केडमध्ये लढाईआधी एक चक्र फिरतं आणि ते ठरवतं कोणाला विष लागणार, कोणाला झोप येणार, कधी तुम्हाला कधी समोरच्याला, म्हणजे पूर्ण जत्रेतला खेळ. ज्यांना स्ट्रॅटेजी आवडते ते शिव्या घालतात, मला आवडतं. अंडरग्राउंडमध्ये खणून काढलेल्या रंगीत शार्ड देऊन मूव्ह शिकवणारे तीन गुरुजीही आलेत, त्यांच्यामुळे टीम बांधायची मजा दुप्पट झाली. रिसॉर्ट एरियात बंगला मिळतो, त्यात सोफा-पियानो घ्यायचा, त्याचा उपयोग शून्य आणि मी सगळं फर्निचर घेतलं.

आता पैशांचं. मी डायमंड खेळलेला पोरगा होतो, त्यामुळे मला प्लॅटिनम म्हणजे तोच रस्ता परत चालायचा, जिममध्ये तोच रोआर्क, तीच गार्डेनिया, जुनी सेव्ह चालणार नाही, आणि किंमत पुन्हा पूर्ण. मी घरी मागितला तेव्हा आईचा प्रश्न होता, हा आहे ना तुझ्याकडे, रंग फक्त वेगळा आहे. उत्तर देता आलं नाही. शेवटी एका दुकानातून स्वस्तात घेतला, तो निघाला नकली, एलिट फोर हरवलं आणि सेव्ह गायब. दुकानाचं नाव विचारू नका. २०२० मध्ये स्वॉर्ड-शील्डच्या वेळी त्यांनी तिसरा गेम काढलाच नाही, त्याऐवजी एक्सपान्शन पास दिला, जूनमध्ये एक बेट आणि ऑक्टोबरमध्ये बर्फाळ प्रदेश, जुनी सेव्ह तशीच चालू. हे खेळणाऱ्यासाठी बरंय, यात शंकाच नाही. पण असं वरून जोडलेलं बेट मधल्या गावाला हात लावत नाही. फँटिनाच्या जिममधून गणित काढायचं तर आख्खी इमारत उघडावी लागते, आणि तसं करायची संधी त्यांना फक्त तिसऱ्या गेममध्येच मिळायची.

मला नेहमी विचारतात की मग सिन्नोह आज कुठे खेळायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्विचवर रिमेक आला, ब्रिलियंट डायमंड आणि शायनिंग पर्ल. मी पहिल्याच दिवशी घेतला, ओरिजिनल, बिल सकट. सर्फ वगैरे सगळं नीट, अंडरग्राउंड मोठं केलेलं, आगीचे पोकेमॉनही तिथे भरपूर पकडता येतात. पण त्यांनी पाया धरला डायमंड-पर्लचा, प्लॅटिनमचा नाही. डिस्टॉर्शन वर्ल्ड नाही, फ्रंटिअर नाही. मला वाटलं निदान बारीक दुरुस्त्या तरी ठेवल्या असतील. एलिट फोरला पोचलो, दोन जण हरवले, तिसऱ्याच्या खोलीत गेलो, तेच लाल केस, तेच जंगल. रॅपिडॅश पाडला. मग त्याने स्टीलिक्स काढला. मी म्हटलं नाही, नाही, नाही. मग ड्रिफब्लिम. आणि मग पुढचा बॉल उघडला आणि आतून टुणकन उडी मारून ससा बाहेर आला.