शामन, श्रमण आणि जाणता

‘शामन’ (सैबेरियातला, अंगात येणारा मांत्रिक-वैद्य) हा शब्द आपल्या ‘श्रमण’वरून (म्हणजे भिक्षू) गेला, असं म्हटलं की सभागृहात टाळी ठरलेली. काही जण तर ‘रोगाचं शमन करतो तो शामन’ इथपर्यंत जातात. अहो, शम् धातू वेगळा, श्रम् वेगळा! शम्-श्रमची ही कोटी जुनीच, धम्मपदाच्या 265व्या गाथेतही आहे. पण कोटी म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

श्रमणवाल्यांची वाट अगदीच टाकाऊ नाही. पालीत समण, मध्य आशियातल्या जुन्या तोखारी भाषेत षमाने, इथवर रस्ता पक्का. अडतं सैबेरियात. तिथल्या एवेंकी भाषेत बोलीगणिक समान, शमान, हमान असे उच्चार आहेत (आपले ‘समान’ नव्हे, हसू नका), आणि स-श-ह ही अदलाबदल तिथल्या इतर शब्दांतही दिसते. म्हणजे शब्द उसना असलाच, तर फार जुना. शब्द मुळात एवेंकीच मानणारी दुसरी बाजू ‘सा-’ म्हणजे ‘जाणणे’ हा एवेंकी धातू पुढे करते. पण ‘-मान’ प्रत्यय त्याला नीट बसत नाही, हे त्या बाजूनंही कबूल करावं.

रशियनमधला या शब्दाचा एक जुना वापर पाहण्याजोगा आहे. धर्मगुरू अव्वाकुम 1670च्या दशकात कैदेत आत्मचरित्र लिहीत होता. त्यात सुभेदार पाश्कोव आपल्या मुलाला, येरेमेयला, मंगोलांवर धाडतो: 72 कोसॅक, 20 स्थानिक. निघण्यापूर्वी एका स्थानिकाला ‘शामानित्’ करायला लावतो. अव्वाकुम लगेच खुलासा करतो, ‘म्हणजे भविष्य पाहणे’. खुलासा करावा लागला, यावरूनच वाचकाला शब्द नवा होता हे कळतं. तो माणूस जिवंत मेंढा आणतो, पिरगाळत पिरगाळत त्याचं मुंडकं उपटतो आणि सांगतो, मोठा विजय, भरपूर लूट. पुढे सगळी फौज कापली जाते, येरेमेय कसाबसा परततो. अव्वाकुमनं देवाकडे हेच मागितलं होतं, पण येरेमेय त्याच्याशी चांगला वागे, म्हणून त्याच्यापुरती नंतर रदबदलीही केली!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. स्लाव भाषांचं मुख्य राहिलंच, तेव्हा पळतो.

रशियनांनी ‘शामन’ हे नाम तुंगूसांकडून (एवेंकी आणि त्यांचे भाऊबंद) घेतलं, पण शामनाच्या अंगात येण्याच्या विधीला शब्द घेतला सैबेरियातल्या तुर्की-भाषी लोकांच्या ‘काम’वरून (त्यांचा शामनासाठीचा शब्द): ‘कामलानिये’. पोलिश-चेकमध्येही ‘शामान’च पोचला. ज्या इतर लोकांना हे लेबल चिकटलं, त्यांचा स्वतःचा शब्द मात्र वेगळा: सैबेरियातले याकूत म्हणतात ओयून, मंगोल म्हणतात बो. गंमत म्हणजे बाई शामनसाठी दोघांकडेही जवळपास एकच शब्द, उदगान. आजच्या रशियनमध्ये ‘शामानित्’ म्हणजे बिघडलेल्या यंत्राशी अंदाजानं खटपट करणंही. संगणकवाले त्याला ‘डफ घेऊन नाच’ म्हणतात.

आणि आपलं नातं हवंच असेल, तर ते भलत्याच शब्दात आहे. रशियन खेड्यातला झाडपाल्याचा वैद्य म्हणजे ‘ज्नाखार’, ‘ज्नात्’ म्हणजे जाणणेवरून. तो धातू आणि संस्कृत ज्ञा एकाच मुळाचे. म्हणजे आपला ‘जाणता’ त्याचा चुलतभाऊ. यावर कुणी टाळी वाजवत नाही.