खडखड कुठून येऊन राहिली? नागपूरजवळच्या वाडीतल्या एका जुन्या पिकअपचं समोरचं काम

आधी हा आवाज ऐका, मी मध्ये बोलत नाही.

(स्पीड ब्रेकर, गाडीचा आवाज, दहा सेकंद)

ऐकलं ना, दोनदा. एकदा चाक चढताना आणि एकदा उतरताना. पिकअप 2005 ची आहे, काटोलकडून संत्रा भरायचा आणि कळमना मार्केटला टाकायचा हेच तिचं काम, आंबिया बहाराचा माल निघायला लागला की रोज रात्री फेरी. गाडीमालक दादा सांगत होते की तीन महिन्यांपासून हे असं वाजून राहिलं म्हणून ते टेप मोठा करून गाडी चालवतात. दोघातिघांनी त्यांना सांगूनही टाकलं, विका आता, भंगारात द्या, हिच्यात काही राहिलं नाही. म्हणूनच मी कॅमेरा घेऊन वाडीला गेलो, अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागच्या गल्लीत, कारण गाडी भंगाराच्या काट्यावर चढवायच्या आधी नेमकं काय झिजलं ते कोणीतरी हात लावून पाहायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटते.

आता हे बघा, इथे पोट्ट्यानं चेसीखाली जॅक लावला आणि उस्तादांनी लगेच काढायला लावला. "तिथे नाही रे बापा, आर्मखाली लाव."

एवढ्याशा गोष्टीत सगळं आहे. या गाडीला समोर प्रत्येक चाक चेसीशी जोडणारे दोन आर्म असतात, वरचा आणि खालचा, आणि त्या दोघांच्या मध्ये नकल, म्हणजे ज्यावर चाक बसते तो लोखंडी भाग, बॉल जॉइंटवर म्हणजे गोळीच्या सांध्यावर धरलेला. आणि ही जी लांब सरळ सळई मागे जाताना दिसून राहिली ना, ती टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगच, फक्त दबायच्या ऐवजी पिळली जाते. ती खालच्या आर्मला जोडलेली आहे म्हणून गाडीचं वजन येते खालच्या बॉल जॉइंटवर. जॅक चेसीखाली लावला तर आर्म लटकतो, बार त्याला खाली रेटत राहतो, जॉइंट ताणलेलाच राहतो आणि झीज दिसतच नाही, मग माणूस म्हणतो जॉइंट चांगला आहे आणि शॉकअप बदलून मोकळा होतो, आवाज तिथल्या तिथे. जॅक आर्मखाली आला की जॉइंटवरचा ताण सुटतो.

बघा आता, वर एक हात, खाली एक हात, हलवलं. हललं. पण हे हबच्या बेअरिंगमुळेही होऊ शकते, म्हणून दादांना ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं असतं तर दोष बेअरिंगचा. थांबलं नाही. मग टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून वर उचललं, आणि इथे जॉइंटवरच्या या रबरी टोपीकडे नजर ठेवा, टायर उठला तरी आर्म जागचा हलत नाही, मध्ये फट उघडते. सापडला.

मग डावीउजवीकडे हलवून टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या सळईचा, एंडही पाहिला. तो घट्ट होता. उस्तादांनी फडक्यानं पुसला आणि तसाच ठेवला. पूर्ण किट लावून द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात, चांगला पार्ट जागेवर ठेवणारा कमी भेटतो, म्हणून हा शॉट मी कापला नाही.

आता चेसीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लागल्या आणि टॉर्शन बार सैल करायची वेळ आली. मला विचाराल तर सगळ्यात शांतपणे करायचं काम हेच. बारला खूप ताण असतो, तो न सोडता कोणी आर्म खोलला तर आर्म उसळून हात जाऊ शकतो. उस्तादांनी आधी तारेच्या ब्रशनं बारचा ताण कमीजास्त करायचा बोल्ट घासला, पट्टी लावली, आटे किती बाहेर आहेत ते मोजलं, 38 मिलीमीटर, आणि ते भिंतीवर लिहून घेतलं. मग बोल्टवर पांढऱ्या पेंटची रेघ मारली. मी विचारलं चॉक काऊन नाही, तर म्हणाले डिझेलचा हात लागला का चॉक गेला. हे माप हरवलं की गाडी परत बसवल्यावर एका कुशीवर झुकते.

पुढचं पूर्ण दाखवतो, घाई नाही. कॉटर पिन, म्हणजे जॉइंटचा नट फिरू नये म्हणून भोकात घातलेली पिन, सरळ करून ओढली, नट सैल केला पण काढला नाही, तीन-चार आट्यांवर ठेवला म्हणजे जॉइंट सुटला तरी आर्म धाडकन पडणार नाही. जॉइंटचा स्टड निमुळता असतो, नकलच्या कानात पाचरीसारखा बसलेला, वर्षानुवर्षांचा. स्टडवर हातोडा मारला तर आटे बसतात आणि नट अडकतो. म्हणून हे बघा, एक हातोडा कानाच्या मागे टेकवून धरला आणि दुसऱ्यानं समोरून मारलं. कानावर. एक, दोन, तीन. चौथ्याला आवाज बदलला, टणक होता तो बद्द झाला, आणि सुटलं.

जुना जॉइंट हातात घेऊन बघा, गोळी आतमध्ये नुसती लोळून राहिली. रबर फाटलं, पाणी आणि माती आत गेली, ग्रीसची झाली पेस्ट, तिनंच लोखंड खाल्लं. हा पूर्ण निसटला तर चाक आडवं पडते आणि गाडी हातात राहत नाही.

आता बुश, म्हणजे आर्म चेसीला जिथे जोडतो तिथलं रबर. ते दाबून पाहिलं तर दगडासारखं, नख रुतत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाते, वर इंजिनची गरमी, मग पावसात पाणी, रबर किती वर्षं टिकणार. प्रेसवर दाबून निघालं नाही, गंजून चिकटलं होतं, शेवटी हॅकसॉ ब्लेडनं बुशची बाहेरची नळी आतल्या बाजूनं चिरली, अर्धा तास गेला त्यात. नवीन बुशला साबणाचं पाणी लावलं, ऑइल नाही, ग्रीस नाही, त्यानं रबर फुगते आणि लवकर जाते.

नवा जॉइंट बसला, नट आवळला, कॉटर पिनचं भोक थोडं चुकलं. अशा वेळी नट मागे घ्यायचा नसतो, पुढेच आवळून भोक जुळवायचं. बार परत 38 वर.

आणि ही गोष्ट नीट पाहून ठेवा, बुशचे बोल्ट अजून पूर्ण आवळलेले नाहीत. आधी चाक लावलं, गाडी जमिनीवर आली, दोघं जण बोनेटवर झोके देऊन उतरले, आणि मग उस्ताद खाली शिरून शेवटचा पाना मारून राहिले. हवेत लटकत्या आर्मवर आवळलं असतं तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं गेलं असतं, आणि पिळलेलं रबर वर्षभरात फाटते.

उजवी बाजू दुसऱ्या दिवशी, तशीच. अलाइनमेंट पुढच्या दुकानात झालं, तिथे शूट नव्हतं. आठ वर्षांच्या वरच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागते, ती तारीख पुढच्या महिन्यात आहे.

भिंतीवरचा 38 चा आकडा उस्तादांनी पुसला नाही, खाली गाडीचा नंबर लिहून ठेवला.

ही संध्याकाळ, तोच स्पीड ब्रेकर, मागे रिकामे क्रेट. दादांनी काच खाली केली, टेप बंद केला.

(आवाज तसाच ठेवा, निवेदन नाही)