पाव किलो शेंगा, एका शेळीला

नमस्कार श्रोतेहो. वैशाखात बांधावर हिरवं पान उरत नाही. पण बाभळीखाली जाऊन बघा, मण्यांच्या माळेसारख्या शेंगांचा सडा पडलेला असतो. हाच शेळीचा उन्हाळी खुराक.

बाभूळ म्हटली की मला आजी आठवते. आमचं गाव परंड्याकडे. 1972 चा दुष्काळ, मी तिसरीत. कडबा संपला, बैल विकले, राहिल्या तीन उस्मानाबादी शेळ्या. आजी पहाटे आकडी घेऊन ओढ्याला जायची, शेंगा झोडपून पाटीभर आणायची. शेळ्या दिवसा शेंगा खायच्या आणि रात्री रवंथ करताना कडक बिया तोंडातून टाकून द्यायच्या. सकाळी वाडा झाडताना आजी एकेक बी वेचून गाडग्यात ठेवायची. मला कळेना, या उष्ट्या बियांचं करणार काय? मृगाचा पाऊस पडला तशी ती खुरपं घेऊन निघाली आणि बांधावर ते बी टोकलं. मीही हट्टानं शेजारी एक ओळ लावली, शेंगा फोडून काढलेल्या कोऱ्या बियांची. आठवड्यात आजीची ओळ हिरवी झाली. माझ्या ओळीत दोनच कोंब. आजी म्हणाली, "बाळा, शेळीच्या पोटात बी भिजतं, मऊ पडतं." त्यातल्याच एका बाभळीचं जू पुढं आमच्या गाडीला आलं. आता बांध कोरून ट्रॅक्टर फिरवतात, दोन सऱ्यांसाठी अख्खी बाभूळ पाडतात. बघून जीव तुटतो. तिच्या सावलीत किती जणांनी भाकरी खाल्ली असेल!

तर शेंगा. पिकून वाळलेल्याच द्या. हिरव्या शेंगेत तुरटपणा, म्हणजे टॅनिन, फार. बी कडक, त्यातली प्रथिनं वाया जातात, म्हणून शेंगा भरडून द्या. 30 किलोच्या शेळीला दिवसाला साधारण किलोभर कोरडं खाद्य लागतं, त्यात शेंगा पाव किलो. पुन्हा सांगतो, पाव किलोच. सुरुवात मूठभरानं करा, आठवडाभरात वाढवा. बुरशी आलेली शेंग फेकून द्या. पोत्याचं तोंड बांधून ठेवा. शेळीनं भसाभसा खाल्ल्या तर पोट फुगतं, तेव्हा घरी काढे करत न बसता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

थोड्या शेंगा मात्र अख्ख्याच टाका. सकाळी वाडा झाडताना बी वेचून ठेवा, मृगाला टोकायला लागेल.