बाळ झाल्यावरचे दोन तास

नमस्कार श्रोतेहो.

बाळंतपणात धोका कधी असतो, असं विचारलं तर बहुतेक जण कळांकडे बोट दाखवतात. पण बाळ बाहेर आल्यानंतरचे पहिले २ तास तितकेच डोळ्यांत तेल घालून काढायचे असतात, आणि नेमकी तेव्हाच सगळी मंडळी बाळाभोवती गोळा झालेली असतात. म्हणून आज कळांबद्दल थोडक्यात आणि त्या २ तासांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी कळ येऊ लागली, एकेक कळ मिनिटभर टिकू लागली आणि असं तासभर चाललं, की दवाखान्यात जायला निघावं. दुसऱ्या खेपेला एवढं थांबू नये. पाणमोट फुटली तर कळांची वाट न बघता निघायचं. किती वाजता फुटली आणि पाण्याचा रंग कसा होता, हे दोन्ही लक्षात ठेवा. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते. ते दारातच सांगा. लाल रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर कळा असोत-नसोत, ताबडतोब दवाखाना गाठा.

दाखल झाल्यावर रक्तदाब, ताप, लघवी तपासतात आणि बाळाचे ठोके ऐकतात. ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, म्हणजे आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा यंत्राचा भरभर आवाज ऐकून घाबरू नका. मग आतून तपासणी. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय हे बोटांनीच अजमावतात, म्हणून ‘दोन बोटं उघडलंय’ असं कानावर येईल. ते साधारण ३-४ सेंटिमीटर समजा. पूर्ण उघडणं म्हणजे १०. जागतिक आरोग्य संघटना ५ सेंटिमीटरपासून कळांनी जोर धरला असं मानते. तिथून पुढे पहिलटकरणीला १२ तासही लागू शकतात. त्याआधीचा काळ मात्र किती लांबेल याचा नेम नाही, त्यामुळे सगळं ठीक असताना ‘थोडं फिरून या’ म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. आतली तपासणी सहसा ४ तासांनी पुरते. वारंवार होत असेल तर कारण विचारा, कारण पाणमोट फुटल्यावर प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जाण्याची शक्यता वाढते.

कळांमध्ये उताणं पडून राहू नये. पिशवीचा भार पाठीजवळच्या मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. चाला, नाहीतर कुशीवर वळा. पाठीतून वेदनाशामक दिलं असेल तर पायांत जोर राहत नाही आणि लघवीची जाणीव होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बाळ आलं की पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. ते ठीक असेल तर १ ते ३ मिनिटं थांबून नाळ बांधतात. तेवढ्या वेळात वारेतलं, म्हणजे पिशवीला चिकटून बाळाला पोसणाऱ्या भागातलं, रक्त बाळाकडे जातं. आईला मांडीत पिशवी आवळणाऱ्या औषधाचं, ऑक्सिटोसिनचं, १० युनिटचं इंजेक्शन मिळतं. वार बहुधा अर्ध्या तासात पडते. ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहतात, कारण एखादा तुकडा आत राहिला तर पिशवी नीट आवळत नाही.

आता तो भाग, ज्याची कोणी आधी कल्पनाच देत नाही. सिस्टर दर १५ मिनिटांनी येते आणि बेंबीजवळ हात ठेवून पोट दाबते. चांगलंच दुखतं. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी असतात. त्यांना टाके घालता येत नाहीत. पिशवीचे स्नायू आवळले की त्या आपोआप चिमटल्या जातात. हाताला घट्ट गोळा लागला तर ठीक. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, तर चोळून ती आवळायला लावावी लागते. सिझेरियन झालं तरी हे दाबणं चुकत नाही.

‘लघवी झाली का?’ ही सततची चौकशीही त्याचसाठी. मूत्राशय भरलं की पिशवी वर आणि एका कुशीला सरकते, सैल पडते, रक्त वाहू लागतं. ६ तासांत लघवी झाली नाही तर सांगा. टाक्यांवर चुरचुरतं म्हणून रोखून धरू नका. कोमट पाणी ओतत ओतत करा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजला, लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच बोलवा. निजलेल्या बाईचं रक्त मागे ओघळून पाठीखाली साचतं आणि पॅड वरून कोरडा दिसतो. सोबतच्या माणसाने चादर उचलून, कमरेखाली हात घालून पाहावं. पहिल्यांदा उठताना काठावर ५ मिनिटं पाय सोडून बसा, आणि संडासाला एकटीने जाऊ नका.

पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. चीक चमचाभरच येतो आणि तेवढा पुरतो. पाजताना पोटात कळ उठते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्तच. पिशवी आवळत असल्याची ती खूण. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. पण पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं तर डॉक्टरांना तेव्हाच दाखवा.

सगळं सुरळीत असलं तरी निदान २४ तास दवाखान्यात राहावं. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप, घाण वास येणारा स्राव, एका पोटरीत दुखणं किंवा धाप यांतलं काही झालं तर परत जा. नजर धूसर होऊन डोकं फार दुखू लागलं तर रक्तदाब मोजून घ्या. तो बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत चढू शकतो. अशा वेळी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘बाळंतपणाला इतके दिवस झालेत’ हे आधी सांगा, कारण बाळ घरी ठेवून आलेल्या बाईकडे पाहून ते कळत नाही.