बंब चढतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी; नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर येतं. कोकणातल्या आमच्या घरी एकदा दिवाळीच्या पहाटे हा बंब चढला, म्हणजे भलताच तापला. पंधरा माणसांच्या आंघोळी व्हायच्या होत्या. पाणी लवकर तापावं म्हणून कुणीतरी मधल्या नळीत करवंट्या खच्चून भरल्या. करवंटी लाकडासारखी दमानं जळत नाही, भडकते. बघता बघता नळीच्या तोंडातून हातभर जाळ आला, पाणी खदखदू लागलं, नरसाळ्यातून वाफ उसळली. काकांनी पाण्याचा तांब्या नळीवर धरला, तशी आजी ओरडली, "अरे, विस्तवावर नको!"

आजीचं बरोबर होतं. लिटरभर पाण्याची जवळजवळ १६०० लिटर वाफ होते. त्या अरुंद नळीतून ती राख-निखारे घेऊनच वर येते, थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर.

मग जाळ आवरायचा कसा? त्याला हवा मिळते ती खालून, राख काढायच्या तोंडातून. ते तोंड पत्र्यानं झाका. वरचं मात्र उघडंच राहू द्या, आणि त्याआधी न्हाणीघराचं दार-खिडकी सताड उघडा. कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, माणूस गुंगीतच जातो. जाळ बसला की लांब चिमट्यानं निखारे खालून ओढून घ्या. खदखद थांबल्यावर तोटीखाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून नरसाळ्यातून थोडं थोडं गार पाणी घाला.

हे सगळं बंबात पाणी असेल तर! पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. बंब कोरडा पडला की गोष्ट वेगळी. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, पण सांध्यांची कथिलाची झाळ दोनशेच्या आसपासच सुटू लागते. तापलेल्या कोरड्या बंबात पाणी मुळीच घालू नका. विस्तव काढा आणि त्याला आपोआप निवू द्या.

आणखी एक कळकळीनं सांगते. काही जण तोटीला नळ बसवतात आणि कचरा पडू नये म्हणून नरसाळ्यावर घट्ट झाकण लावतात. असं कधीही करू नका. वाफेला वाट उरली नाही तर बंब फुटतो.

त्या दिवशी आंघोळी उशिरा झाल्या. आजीनं करवंट्यांची टोपली न्हाणीघरातून उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. तिथून एका वेळी दोनच आणायच्या, असं तिनं सगळ्यांना बजावलं.