४,२९,४९,६७,२९७ : फर्मा यांचा अंदाज मोडणारी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनाचा बत्तिसावा घात घेऊन त्यात एक मिळवला की ही संख्या मिळते. संगणकाच्या ३२ बिटांतून जितक्या वेगवेगळ्या संख्या मांडता येतात, त्यांच्या एकूण संख्येपेक्षा ही केवळ एकाने मोठी आहे.

दोनाचा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवत प्रत्येक वेळी एक मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच संख्या येतात आणि त्या सर्व मूळ संख्या आहेत. पुढेही असेच घडत राहील, असे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांना १६४० साली ठामपणे वाटत होते, मात्र त्याची सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. १७२९ मध्ये क्रिस्टियान गोल्डबाख यांनी पत्रातून हा प्रश्न लिओनार्ड ऑयलर यांच्यापुढे मांडला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिले की, घातांक ३२ असलेल्या सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो.

एरवी अशा संख्येचा विभाजक शोधायचा, तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. परंतु तिचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने अधिकच असला पाहिजे, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. या गाळणीतून १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चार मूळ संख्या आधी येतात. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही आणि पाचवी ६४१ असते. ही गाळणी ज्या सिद्धांतावर उभी आहे, तो फर्मा यांनी त्याच १६४० साली पत्रात मांडला होता, म्हणूनच त्यांच्या हातून ही पडताळणी राहून जावी याचे नवल वाटते.

भाग नेमका का जातो, हे भागाकार न मांडताही पाहता येते आणि या विषयातला सर्वांत देखणा भाग तोच आहे. ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी उणे एक धरता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची, अर्थात ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात या गुणाकाराची, बाकी एक येते. आता ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्याने त्याच्या जागी उणे १६, म्हणजेच उणे दोनाचा चौथा घात, ठेवता येतो. तसे केल्यावर दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक ठरते, आणि त्यात एक मिळवला की बाकी शून्य होते.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही मूळ आहे.

घातांक ६४ पासून दोनाच्या बत्तिसाव्या घातापर्यंत दुपटीने वाढवत नेल्यास येणाऱ्या या मालिकेतील सर्व संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यापुढची संख्या, जिच्यात २५८ कोटींहून अधिक अंक आहेत, मूळ आहे की संयुक्त, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.