हातांनी बोलणारी वाशू

डेक्कनच्या स्टॉपवर पीएमटी उभी होती, खिडकीत एक मुलगी, खाली फुटपाथवर तिची मैत्रीण, दोघी कर्णबधिर, काच बंद, बाहेर हॉर्नचा नुसता कल्ला आणि ह्यांच्या गप्पा बस सुटेपर्यंत चालू, हातांनी. तेव्हा मला वाशू आठवली.

वाशू म्हणजे एक चिंपांझी. तिच्याआधी अमेरिकेत विकी नावाच्या पिल्लाला घरात लेकरासारखं वाढवून तोंडाने बोलायला शिकवलं होतं, वर्षानुवर्षं खपून आलं काय तर मामा, पापा, कप, अप, चारच शब्द, तेही कसेबसे. चिंपांझीचा आवाज आपल्यासारखा वळत नाही, पण बोटं वळतात ना! म्हणून १९६६ मध्ये नेवाडातल्या रीनोला ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर ह्या नवरा-बायकोने ठरवलं की वाशूसमोर तोंडाने बोलायचंच नाही, फक्त अमेरिकन साइन लँग्वेज. पोरगी सुमारे १३० खुणा शिकली. पाण्यात हंस दिसला तर 'पाणी' आणि 'पक्षी' अशा दोन खुणा एकापाठोपाठ केल्या तिने.

आता निम नावाच्या दुसऱ्या चिंपांझीचंही सांगायला हवं. न्यूयॉर्कला हर्बर्ट टेरेस ह्यांनी निमला असंच शिकवलं, पण नंतर व्हिडिओ नीट तपासले आणि १९७९ मध्ये सरळ लिहून टाकलं की हा वाक्यं करत नाही, खाऊ मिळावा म्हणून बऱ्याचदा समोरच्याच्याच खुणा परत करतो. मला हे पटतं, खुणा येणं वेगळं आणि भाषा येणं वेगळं, डेक्कनवर त्या मुली जे बोलत होत्या त्याच्या जवळपासही हे जात नाही.

पण मग लूलिस? हे वाशूने सांभाळलेलं पिल्लू. त्याच्यासमोर माणसांनी ठरलेल्या सात खुणा सोडून पाच वर्षं एकही खूण केली नाही, आणि तरी पोरगं पन्नासेक खुणा शिकलं, वाशू आणि बाकीच्या चिंपांझींचं बघून बघून. हे ऐकलं की मी प्रत्येक वेळी थांबतो.

आणि एक प्रसंग, वाशूबरोबर अनेक वर्षं राहिलेले रॉजर फाउट्स सांगतात तो. वाशूची देखभाल करणारी एक ताई गरोदर होती, तिचा गर्भपात झाला, बरेच दिवस ती आलीच नाही, वाशू रुसलेली. शेवटी ताईने खुणेनं सांगितलं, माझं बाळ गेलं. वाशूची स्वतःची दोन पिल्लं गेलेली. तिने आधी मान खाली घातली, मग ताईच्या डोळ्यांत बघितलं आणि डोळ्यापासून गालावर एक बोट हळूच खाली ओढलं.

ती 'रडणं'ची खूण.